ढोबळी मिरची : हरितगृहात की परसात?

पिकाला ऊन, वारा व पाऊस ह्यांपासून आडोसा देण्याची कल्पना महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नवीन नाही. शेवरी, शेवगा आणि पांगारा ह्यांच्या सावलीत पानवेल वाढविणारे शेतकरी पिढ्यान् पिढ्या हेच करीत आले आहेत. पानमळ्याभोवती दाट कुंपण घालावयाचे, वारा अडवावयाचा, वेलीच्या मुळाशी गारवा राखावयाचा आणि उन्हाच्या मानाने सावली कमीजास्त करावयाची, ही सारी हरितगृहाचीच कामे होत. फरक इतकाच की पानमळ्याला आडोसा झाडांचा असतो, तर हरितगृहाला लोखंडी नळ्यांचा आणि प्लॅस्टिकच्या कागदाचा.

हल्ली पुष्कळ गावांतून हरितगृहे, म्हणजेच शेतकऱ्यांच्या बोलण्यातील पॉलिहाऊस, उभी राहिलेली दिसतात. त्यांत पिकणारी लाल-पिवळी ढोबळी मिरची पाहून शेजारच्या शेतकऱ्यालाही वाटते की आपणही एक उभारावे. त्याच गावात दुसऱ्या एखाद्या घराच्या परसात दहावीस झाडे असतात आणि त्यांवरही मिरच्या लागलेल्या असतात. मग शेतकरी विचारतो, "इतका खर्च करून अधिक काय मिळते?" हा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर नुसत्या 'होय' किंवा 'नाही' अशा शब्दांत देता येत नाही. ढोबळी मिरचीची गरज काय, ती परसात कितपत भागते, हरितगृहात कशी भागते आणि त्या भागविण्याची किंमत कोण मोजतो, हे क्रमाने पाहिले पाहिजे.

पिकाची गरज

ढोबळी मिरची, जिला काही भागांत सिमला मिरची तर काही भागांत भोपळी मिरची म्हणतात, ती आपल्या तिखट मिरचीच्याच कुळातील आहे. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातील. मिरची भारतात आली ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून. परंतु तिखट मिरची जितकी काटक तितकी ही ढोबळी मिरची नाजूक आहे. दिवसा २१ ते २८ अंश सेल्सिअस आणि रात्री १६ ते १८ अंश तपमान तिला मानवते. दिवसाचे तपमान ३२ ते ३५ अंशांच्या वर जाऊ लागले की फुलातील पराग निकामी होऊ लागतात व फुले गळतात. कडाक्याच्या थंडीत झाडाची वाढ खुंटते आणि फळे लहान व वेडीवाकडी राहतात.

जमीन पाण्याचा निचरा होणारी, भुसभुशीत व सेंद्रिय खताने पोसलेली हवी. आम्ल-विम्ल निर्देशांक ६ ते ७ च्या दरम्यान असावा. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत रोपे मर रोगाला बळी पडतात. ह्या पिकात परागीकरण मुख्यतः त्याच फुलात होते. त्यामुळे मधमाशी आत आली नाही तरी फळ धरते. हरितगृहासाठी हे पीक निवडले जाण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

परसातील लागवड

महाराष्ट्राच्या पठारी भागात उघड्यावरील ढोबळी मिरचीला हिवाळा हाच खरा हंगाम आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बी पेरून, रोपे पाच आठवड्यांची झाल्यावर पावसाचा जोर ओसरताच ती लावावीत. परसात दररोज निदान सहा तास ऊन येणारी जागा निवडावी. घराच्या भिंतीची किंवा आंब्याची गर्द सावली ह्या पिकाला सोसत नाही.

दोन मीटर रुंद व तीन मीटर लांब एवढ्या जागेत ६० × ४५ सेंटिमीटर अंतराने सुमारे वीस रोपे बसतात. प्रत्येक खड्ड्यात एक पाटी चांगले कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळून घालावी. 'अर्का मोहिनी', 'अर्का गौरव' व 'अर्का बसंत' ह्या बंगळूर येथील भारतीय बागवानी अनुसंधान संस्थेने दिलेल्या जाती, तसेच जुनी 'कॅलिफोर्निया वंडर' ही जात उघड्यावर घेता येते. रोपाभोवती उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला पसरावा, म्हणजे ओल टिकते व तणही कमी उगवते. फळांचा भार आल्यावर झाड आडवे होऊ नये म्हणून बांबूची काठी रोवून सुतळीने सैल बांधावे.

पाणी थोडे पण नियमित द्यावे. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी आळे तुडुंब भरण्याची पद्धत येथे घातक ठरते. अशा वेळी झाडाला चुना, म्हणजे कॅल्शियम, नीट उचलता येत नाही व फळाचे टोक काळे पडून कुजते. हा रोग नव्हे, पाणी देण्यातील चूक होय. न्हाणीचे पाणी वळवावयाचे असल्यास साबणाचे व धुण्याच्या सोड्याचे पाणी बाजूला काढावे.

चुरडा-मुरडा, म्हणजे ज्याला शेतकरी बोकड्या म्हणतात, तो परसातील पिकाचा मुख्य शत्रू आहे. फुलकिडे, कोळी, मावा व पांढरी माशी ह्या रस शोषणाऱ्या किडींमुळे पाने आकसतात आणि काही किडींमार्फत विषाणूही पसरतो. एकदा विषाणू शिरलेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. ते उपटून पुरावे. रोपे वाढत असतानाच वाफ्यावर ४० ते ५० जाळीची मच्छरदाणीसारखी जाळी लावावी आणि लागवडीनंतर पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी दर आठदहा दिवसांनी करावी. घरच्या ताटात जावयाच्या पिकावर विषारी औषधे मारण्याचे मुळीच कारण नाही.

एवढे केल्यास एका झाडापासून अर्धा ते एक किलो, म्हणजे वीस झाडांपासून दहा ते वीस किलो फळे हंगामभर मिळतात. बाजाराच्या दृष्टीने हे काहीच नव्हे, पण एका कुटुंबाला हे पुरेसे आहे. शिवाय ह्या वीस झाडांवर शेतकरी जे शिकतो ते दुसरीकडे पैसे देऊनही शिकावयास मिळत नाही. फुलकिडे पानाच्या कोणत्या बाजूस बसतात, फूल कोणत्या उन्हात गळते, फळ कोणत्या दिवशी काढले म्हणजे टिकते, ह्या गोष्टी हरितगृहात शिकावयाच्या म्हटल्या तर प्रत्येक चुकीची किंमत हजारांत जाते.

हरितगृहाचे तत्त्व

हरितगृहाच्या पारदर्शक कागदातून सूर्यप्रकाश आत येतो, जमीन व झाडे तापतात. ही आतली उष्णता मात्र त्याच वेगाने बाहेर पडू शकत नाही. थंड मुलखात हाच गुण उपयोगी पडतो. आपल्याकडे अडचण उलट आहे. येथे उष्णता साठविण्यापेक्षा ती बाहेर घालविणे अधिक महत्त्वाचे असते. म्हणून महाराष्ट्रात नैसर्गिक वायुवीजनाची हरितगृहे उभारतात. गरम हवा हलकी होऊन वर चढते व छताच्या उघड्या झरोक्यातून निघून जाते, तर बाजूंच्या जाळीतून ताजी हवा आत येते. छताचा झरोका वाऱ्याच्या पाठीकडे उघडणारा असावा. तो वाऱ्याच्या तोंडाकडे ठेवल्यास वादळात वारा आत शिरून कागद फाटतो.

छतासाठी सामान्यतः २०० मायक्रॉन जाडीचा, अतिनील किरणांना तोंड देणारा कागद वापरतात. उन्हाने तो हळूहळू धुरकट व ठिसूळ होत जातो व साधारणतः तीनचार वर्षांत बदलावा लागतो. बाजूंना ४० जाळीची कीटकरोधक जाळी असते. आत उन्हाळ्यासाठी सावलीचे पडदे व पाण्याचे तुषार उडविणारे फॉगर असतात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. केवळ झरोक्यांवर चालणाऱ्या हरितगृहातील हवा बाहेरच्या हवेपेक्षा आपोआप थंड होत नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचे तपमान ४० अंशांच्या वर जाते, तेव्हा पडदे व फॉगर असूनही ढोबळी मिरचीला सुख लागत नाही. त्या काळात फुले येतील अशी लागवड तेथे करू नये.

हरितगृहातील लागवड

मातीचे गादीवाफे सुमारे एक मीटर रुंद व ३० ते ४५ सेंटिमीटर उंच करतात आणि दोन वाफ्यांत चालावयास अर्धा मीटरहून थोडी अधिक वाट सोडतात. तांबडी माती, शेणखत व भाताचा तूस ह्यांचे मिश्रण वाफ्यासाठी चांगले. वाफ्यावर दोन ओळी घेऊन झाडांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास १,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे दहा गुंठे क्षेत्रात अडीच हजारांच्या आसपास रोपे बसतात.

झाडाला फाटे फुटू लागले की त्यांतील दोन सशक्त फांद्या राखून बाकीच्या काढून टाकतात व राखलेली प्रत्येक फांदी वरच्या तारेला दोरीने बांधून उभी वाढवितात. छाटणीचे हे काम दर आठवड्यास हाताने करावे लागते. त्यात हयगय झाल्यास झाडाचे झुडूप होते व फळे लहान राहतात. पाणी व विद्राव्य खते ठिबकमधून दररोज देतात. हवामानाप्रमाणे चौरस मीटरला दोन ते चार लिटर, म्हणजे दहा गुंठ्यांस दिवसाला दोन ते चार हजार लिटर पाणी लागते. हे पाणी मे महिन्यातही मिळाले पाहिजे व ते क्षारयुक्त नसावे.

हिरवी फळे लागवडीनंतर सुमारे दोन महिन्यांनी निघू लागतात. लाल किंवा पिवळा रंग पूर्ण भरावयास आणखी तीनचार आठवडे थांबावे लागते. पीक नऊदहा महिने चालते. उत्तम व्यवस्थापन असल्यास दहा गुंठ्यांतून आठ ते दहा टन उत्पादन मिळते, तर तेवढ्याच उघड्या शेतातून दीडदोन टन मिळते. फळांवर उन्हाचे पांढरे चट्टे पडत नाहीत, पावसाने ती सडत नाहीत आणि रंगीत फळांना हिरव्या फळांपेक्षा भावही सामान्यतः चढा मिळतो. हरितगृहाची मोहिनी ह्याच आकड्यांत आहे.

आत शिरलेला शत्रू

परंतु जो आडोसा पिकाला मानवतो तोच किडीलाही मानवतो. पाऊस अंगावर न पडल्याने भुरी रोग, कोळी व फुलकिडे हरितगृहात झपाट्याने वाढतात. उघड्या परसात किडींना खाणारे ढालकिडे व इतर मित्रकीटक आपोआप येतात. जाळीच्या आत मात्र त्यांना वाट नसते. म्हणून दोन दारांची व्यवस्था असावी आणि एक दार लागल्याखेरीज दुसरे उघडू नये. फुलकिड्यांसाठी निळे व पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावून ते दर आठवड्यास तपासावेत.

ह्याहूनही मोठा धोका जमिनीखाली आहे, तो म्हणजे सूत्रकृमी. हे सूक्ष्म कृमी मुळांत शिरतात व मुळांवर गाठी येतात. झाड भर पाण्यात उभे असूनही दुपारी माना टाकते. परसात आपण यंदा मिरची तर पुढच्या वर्षी कांदा घेतो, त्यामुळे कृमींची उपासमार होते. हरितगृहात मात्र भांडवल वसूल करण्याच्या घाईने मिरचीवर मिरची घेतली जाते. उबदार, सदैव ओली माती व तेच ते पीक मिळाल्यावर दोनतीन वर्षांत कृमींचे राज्य होते.

ह्यावर उपाय आधीच करावा लागतो. वाफ्यासाठी तांबडी माती आणताना ती वांगी, टोमॅटो, भेंडी, पपई किंवा डाळिंब ह्यांच्या जुन्या शेतातील नाही, ह्याची खात्री करून घ्यावी. रोपे मातीत वाढविलेली न घेता नारळाच्या काथ्याच्या भुशात, ट्रेमध्ये वाढविलेली घ्यावीत. दर पीक संपल्यावर पाचदहा झाडे उपटून मुळे पाहावीत. गाठी दिसल्यास उन्हाळ्यात वाफे भिजवून त्यांवर पातळ पारदर्शक कागद कडा मातीत पुरून घट्ट पसरावा व चार ते सहा आठवडे उन्हात तापू द्यावा. त्यानंतर निंबोळी पेंड व ट्रायकोडर्मा मिसळलेले शेणखत घालावे आणि मधले एक पीक झेंडूचे घ्यावे.

हिशेब कसा मांडावा

पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातील दर विचारून ते बदलून घ्यावेत.

समजा, दहा गुंठ्यांच्या हरितगृहाला ठिबकासह १२,००,००० रुपये लागले. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाखाली ठरवून दिलेल्या खर्चमर्यादेच्या ५० टक्के अनुदान मिळते, प्रत्यक्ष खर्चाच्या नव्हे. म्हणून समजा ५,००,००० रुपये मिळाले. उरलेले ७,००,००० रुपये दहा टक्के व्याजाने सात वर्षांच्या मुदतीवर काढले, तर पहिल्या वर्षी मुद्दल १,००,००० व व्याज ७०,००० रुपये झाले. तीन वर्षांनी बदलावयाच्या कागदासाठी दरसाल ३५,००० रुपये बाजूला काढले पाहिजेत. रोपे, खते, औषधे, मजुरी, वीज व वाहतूक मिळून १,७५,००० रुपये धरू. एकूण ३,८०,००० रुपये झाले.

आठ टन माल निघाला तर किलोला ४७ रुपये ५० पैसे पडले. पाचच टन निघाला तर किलोला ७६ रुपये पडले. उलट दहा गुंठे उघड्या शेतात ३०,००० रुपये खर्चून दोन टन माल काढला, तर किलोला १५ रुपये पडतात.

आता दोघांचेही पीक बुडाले असे समजा. उघड्या शेतातील शेतकऱ्याचे ३०,००० रुपये गेले. तो हळहळेल, पण पुढच्या हंगामात पुन्हा पेरील. हरितगृहाच्या मालकाचा पिकावरील खर्च तर गेलाच, शिवाय हप्ता व व्याज मिळून १,७०,००० रुपये पिकावाचून उभे करावयाचे राहिले. जमीन गहाण असेल तर येथे संबंध घराचाच प्रश्न येतो. म्हणून हरितगृहाचा विचार करताना चांगल्या वर्षी काय मिळेल हे विचारण्याआधी वाईट वर्ष कसे काढू, हे विचारले पाहिजे.

वाईट वर्ष ही काल्पनिक गोष्ट नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, लग्नसमारंभ व मंदिरे बंद पडली आणि हरितगृहातील फुलांना गिऱ्हाईक उरले नाही. हॉटेले मिटल्याने रंगीत मिरचीचीही मागणी खाली आली. त्याच वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले व त्याच्या वाऱ्याने पुणे जिल्ह्यातील हरितगृहांचेही नुकसान झाले. म्हणून सांगाडा व कागद ह्यांचा विमा उतरविण्यात कसूर करू नये.

निवड कोणी कोणती करावी

ज्याच्याजवळ मे महिन्यातही खात्रीचे गोडे पाणी आहे, नियमित वीज आहे, घरातील निदान दोन माणसे रोज आत काम करणार आहेत, शहराची बाजारपेठ एका रात्रीच्या वाटेत आहे आणि एक वर्ष बुडाले तरी हप्ता भरण्यास दुसरे उत्पन्न आहे, त्याने हरितगृहाचा विचार अवश्य करावा. त्याने तळेगाव दाभाडे येथील प्रशिक्षण केंद्रात किंवा आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रात आधी शिक्षण घ्यावे. अनुदान बांधकाम झाल्यावर, तपासणीनंतर मिळते. त्यामुळे तोवरची रक्कम कोठून येणार हे कागदावर लिहून काढावे व पूर्वसंमती हाती आल्यावाचून बांधकामास हात घालू नये.

ह्यांतील एकही गोष्ट कमी असेल त्याने प्रथम परसात वीस झाडे लावावीत. दुसऱ्या वर्षी दहा गुंठे उघड्यावर, आच्छादन व ठिबक वापरून घ्यावीत. त्यानंतर कमी खर्चाचे शेडनेट उभारून पाहावे. ह्या तीन पायऱ्या चढून हरितगृहात जाणारा शेतकरी तेथे नवखा राहत नाही. आणि एखाद्या पायरीवरच थांबावेसे वाटले तर त्यात कमीपणा मुळीच नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हरितगृहाचा अर्ज भरून घेणे सोपे आहे. पण अर्जापूर्वी कार्यकर्त्याने शेतकऱ्याच्या विहिरीचे मे महिन्यातील पाणी डोळ्यांनी पाहावे, माती व पाणी तपासून घ्यावे आणि मागील तीन वर्षांचे बाजारभाव महिनावार मांडून दाखवावेत. वरील हिशेब शेतकऱ्याच्या व घरातील स्त्रियांच्याही समक्ष त्यांच्याच आकड्यांनी करावा, कारण आतली छाटणी व तोडणी बहुधा त्याच करणार असतात आणि हप्त्याची ओढही त्यांनाच आधी जाणवते. शक्य असल्यास शेतकऱ्याला दोन हरितगृहे दाखवावीत. एक उत्तम चाललेले दाखवावे आणि दुसरे कागद फाटून बंद पडलेले. पहिल्यातून उमेद मिळते व दुसऱ्यातून शहाणपण. शेतकऱ्याला दोहोंची सारखीच गरज आहे.